भिवंडीच्या पावसात खडूचा रंग

भिवंडीत लाकूड शोधायला वखारीतच जावं लागतं असं नाही. माणकोली, काल्हेर, पूर्णा, वळ, राहनाळ या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि माल उतरवून झाल्यावर मागे उरणारे लाकडी पॅलेट भंगारात ढिगाने येऊ लागले. निजामपुऱ्यातल्या एखाद्या गच्चीवर किंवा घरापुढच्या ओट्यावर दोघांनी ऐसपैस बसावं एवढं बाक अशा दोन-तीन पॅलेटमधून निघतं. शिवाय घरोघरी जुनं लाकूड पडून असतंच: सागाची आरामखुर्ची, एक पाय हलणारं स्टूल, भिंतीला टेकवून ठेवलेली घडीची खुर्ची. हे बाहेर वापरायचं तर रंग हवा, आणि हल्ली त्यासाठी लोक दुकानात चॉक पेंट मागतात. त्याचा न चमकणारा, मखमली पोत डोळ्यांना आवडतो, ऑइल पेंटसारखा उग्र वास येत नाही, आणि जुनं पॉलिश खरवडत बसावं लागत नाही असं ऐकलेलं असतं.

यातलं बरंचसं खरं आहे. फक्त डब्यावर जी कृती छापलेली असते ती बहुतेक वेळा घरातल्या कपाटासाठी किंवा टीपॉयसाठी असते. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याआधीचा मे महिना लाकूड तडकवणारा असतो. म्हणून हा रंग कसा बनलेला असतो ते आधी समजून घेऊ आणि मग ब्रश हातात धरू.

कुठल्याही रंगात तीन गोष्टी असतात. रंग देणारी आणि जागा भरणारी पूड, त्या पुडीचे कण एकमेकांना आणि लाकडाला धरून ठेवणारा चिकट भाग, म्हणजे बाइंडर, आणि हे सगळं पातळ ठेवणारं पाणी किंवा टर्पेंटाइन, जे शेवटी उडून जातं. भिवंडीतल्या यंत्रमागांचंच बघा: लूमवर चढण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ पाजतात; खळ जास्त बसली की सूत कडक आणि गुळगुळीत होतं, कमी बसली की मऊ आणि केसाळ राहतं. रंगातल्या बाइंडरचं काम तसंच चालतं. ऑइल पेंटमध्ये बाइंडर इतका असतो की पुडीचा प्रत्येक कण त्यात बुडतो, पृष्ठभाग काचेसारखा सपाट होतो आणि चमकतो. चॉक पेंटमध्ये खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरपूर आणि बाइंडर बेताचा. त्यामुळे कणांची टोकं वर राहतात, त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात.

या रंगाचे सगळे गुण आणि सगळे दोष या फटींतून येतात. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून चमक नसते. कणांना खरखरीतपणा असतो, म्हणून जुन्या पॉलिशवरही तो बऱ्यापैकी पकड घेतो. सुकल्यावर काचपेपरने सहज घासला जातो. आणि त्याच फटींतून पाणी, तेल, चहाचे डाग आत शिरतात.

‘चॉक पेंट’ हे नाव 1990 साली ब्रिटनमध्ये अ‍ॅनी स्लोन या रंगकर्तीने आपल्या रंगाला दिलं आणि ते तिच्या व्यवसायाचं नोंदलेलं नाव आहे. इतर कंपन्या तशाच रंगाला चॉकी पेंट वगैरे म्हणतात. पण खडूची पूड आणि थोडा चिकट पदार्थ ही जोडी आपल्या भिंतींना जुनी ओळखीची आहे. पूर्वीचा डिस्टेंपर म्हणजे खडूची पूड आणि सरस. त्या भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरा पट्टा उठायचा, कारण सरस पाण्याने आणि दमट हवेने सैल पडायचा. चॉक पेंटमध्ये सरसाच्या जागी अ‍ॅक्रिलिकसारखं रसायन आलं, जे एकदा सुकलं की पाण्यात परत विरघळत नाही. बाहेरच्या फर्निचरवर हा रंग वापरण्याचा विचार करता येतो तो एवढ्या एका फरकामुळे.

आता पावसाचं. बाहेरच्या लाकडावरचा रंग वरून कोसळणाऱ्या सरींनी सहसा जात नाही. तो जातो लाकडाच्या आत शिरलेल्या पाण्याने. सागाची एखादी जुनी खुर्ची उलटी करून तिच्या पायाचा तळ उजेडात धरून बघा. वलयांच्या रेषेत बारीक छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. झाड उभं असताना याच नळ्यांतून मुळांकडचं पाणी वर चढत होतं. खुर्ची झाल्यावरही नळ्या तशाच उघड्या असतात, आणि गच्चीवर साचलेल्या बोटभर पाण्यात पाय उभा राहिला की पाणी पुन्हा वर चढायला लागतं. फळीच्या सपाट बाजूपेक्षा कापलेल्या टोकातून कितीतरी पटींनी जास्त पाणी आत जातं.

लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. उघडीप मिळाली, ऊन पडलं की तेच पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं. वर ऑइल पेंटचा घट्ट पापुद्रा असेल तर वाट बंद असते. आधी फोड येतो, मग तडा जातो आणि मग पोपडा सुटतो. तो पोपडा खरवडल्याशिवाय पुन्हा रंग देता येत नाही. चॉक पेंट वाफेला वाट देतो. तो हळूहळू झिजतो, कोपऱ्यांवर फिका पडतो, पण पोपडे धरत नाही. झिजलेल्या जागी ओल्या फडक्याने पुसून एक हात मारला की काम झालं. वर्षातून एकदा तेवढं करायची तयारी असेल तर कोकणपट्टीतल्या ओट्यावर, ओसरीवर, पत्र्याखालच्या गच्चीवर मला हा रंग ऑइल पेंटपेक्षा चांगला वाटतो. जिथे बाक बारा महिने उघड्या आभाळाखाली, पाण्यात उभं राहणार आहे तिथे मात्र तो लावू नये. तिथे दगडी किंवा सिमेंटचं बाक करावं, लाकडाचा जीव घेऊ नये.

कामाला वेळ कधी धरायची? हवामान खात्याच्या 2020 साली सुधारलेल्या सरासरी तारखांप्रमाणे मुंबईत पाऊस 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरला परततो. भिवंडीलाही तेच धरून चालावं. पाण्याचा रंग तासाभरात हाताला सुका लागतो, पण आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. म्हणजे शेवटचा हात उशिरात उशिरा मेच्या पहिल्या आठवड्यात बसला पाहिजे. लाकूड सर्वांत कोरडं असतं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, तेव्हा धुणं, सुकवणं, घासणं तेव्हाच उरकावं. पाऊस तोंडावर आल्यावर घाईने दिलेला रंग पहिल्याच आठवड्यात मऊ पडतो.

पॅलेट निवडताना त्याच्या ठोकळ्यावरचा शिक्का वाचा. परदेशातून आलेल्या किंवा परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि कीड मारण्याच्या पद्धतीची खूण असते. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं ठेवून. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. बसायच्या, मुलं हाताळणार अशा वस्तूंसाठी ‘एमबी’चं लाकूड मी घेणार नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. शिक्काच नसेल तर वास घ्या आणि डाग बघा. गोदामात रसायनांची पिंपं याच पॅलेटवर उभी असतात. तेलकट, रंगीत किंवा उग्र वासाचा पॅलेट परत ठेवून द्यावा. लाकूड पाइनचं असेल तर हलकं, फिकट आणि गाठींचं असतं. देशी पॅलेट आंबा, बाभूळ, रबरवुड अशा मिळेल त्या लाकडाचे असतात आणि जड लागतात.

जुन्या रंगवलेल्या खुर्चीची काळजी वेगळी. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून, ओल्या काचपेपरने, तोंडाला मास्क लावून घासा, निघालेला चिखल कागदावर गोळा करा आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवा. ज्या घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल आहे तिथे हे काम घरात करूच नये.

धुणं हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. भिवंडीच्या हवेत धूळ असते, रुईचे तंतू असतात, सायझिंगच्या बॉयलरची काजळी असते, आणि काजळी थोडी तेलकट असते. नुसत्या पाण्याने ती पसरते. कोमट पाण्यात साबणाचा चुरा आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून काथ्याच्या ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. काळी-हिरवी बुरशी असेल तर ब्लीचचं पातळ पाणी लावून दहा मिनिटं थांबा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच लावलेल्या जागी अ‍ॅसिडचं काहीही वापरू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. मग वस्तू सावलीत, विटांवर उचलून, वारा लागेल अशी निदान आठवडाभर ठेवा. उन्हात सुकवलं की वरचा थर आधी आकसतो आणि चिरा पडतात.

सुकल्यावर लाकडाला विचारायचं, की तुझ्यावर अजून काय आहे. बोटाने पाण्याचा एक थेंब फळीवर सोडा आणि वाकून बघत राहा. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला आणि मिनिटभर तसाच थरथरत राहिला तर तिथे मेण, तेल किंवा पॉलिश आहे. कडा पसरल्या, खाली लाकूड गडद होत गेलं, तर पृष्ठभाग उघडा आहे आणि रंग पकडेल. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घासल्यावर जागा चिकट झाली तर वर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. घरातल्या वस्तूवर ते राहिलं तरी चालतं. बाहेरच्या वस्तूवर मात्र ते स्पिरिटने आणि काचपेपरने काढा, कारण पाणी लागल्यावर लाख पांढुरकी पडून सुटते आणि वरचा रंग सोबत घेऊन जाते. ‘घासायची गरज नाही’ हे वाक्य बाहेरच्या कामात विसरायचं.

सांधे हलत असतील तर ते आधी घट्ट करा. हलणाऱ्या सांध्यावर कुठलाच रंग टिकत नाही, तिथे रेघ पडते आणि रेघेतून पाणी जातं. लोखंडी खिळ्यांच्या जागी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. साग आणि बाभळीच्या लाकडात टॅनिन असतं; ओलं लोखंड त्याला भेटलं की निळा-काळा डाग तयार होतो आणि कितीही हात मारले तरी वर येत राहतो. भोकं आणि चिरा बुजवायला रंगारी चॉक पावडर आणि बेलतेलाची लांबी (पुट्टी) वापरतात. घरात ती उत्तम. बाहेर लाकूड फुगतं-आकसतं तेव्हा ती सुटते, म्हणून एपॉक्सी पुट्टी घ्यावी.

काचपेपर 80 नंबरपासून सुरू करून 120 आणि 180वर थांबा. त्याहून बारीक गेलात तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की रंगाला धरायला काही उरत नाही. या वेळी एक काम आवर्जून करा: फळीची प्रत्येक धारदार कड बोट फिरवल्यावर टोचणार नाही इतकी गोल करा. ओला रंग सुकताना धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. बाहेरचा रंग पहिल्यांदा कडेवर उघडा पडतो, त्याचं कारण हेच. बाक नवं बनवत असाल तर बसायच्या फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवा आणि किंचित उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही.

आता पाय. सगळ्या कामात माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. बाक उलटं करून पायांचे तळ वर आणा. बाजारात पातळ ओतायचं एपॉक्सी मिळतं. त्याचे दोन भाग मिसळून तळावर ब्रशने लावा. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, काही मिनिटांत जागा पुन्हा कोरडी दिसते. ओलसर असतानाच दुसरा लावा, मग तिसरा, जोपर्यंत वर चमकदार थर राहत नाही तोपर्यंत. पायाच्या चारही बाजूंनी बोटभर वरपर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी तळाला रबरी किंवा नायलॉनचे बूट बसवा, म्हणजे लाकूड फरशीपासून उचललं जाईल आणि वाळवीलाही थेट वाट मिळणार नाही. फळ्यांची कापलेली टोकं, खुर्चीच्या हातांची टोकं, स्क्रूची भोकं, जिथे जिथे लाकूड आडवं कापलं आहे तिथे हेच करायचं. एपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर त्यावर हलका काचपेपर फिरवा, म्हणजे रंग पकडेल.

पाइनच्या गाठींतून राळ आणि सागातून तपकिरी पाणी फिकट रंगावर उतरतं. पांढरा रंग दिलेल्या खुर्चीवर आठवड्याने चहा सांडल्यासारखे डाग दिसतात ते याचे. गाठींवर चपड्याचा, म्हणजे लाखेचा, हात द्या: अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 60 ते 100 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, सकाळी वर आलेला स्वच्छ भाग ओतून घ्या आणि खाली बसलेला गढूळ मेणाचा गाळ टाकून द्या. मेण राहिलं तर पाण्याचा रंग त्यावर नीट बसत नाही. पाण्याने लाख सुटते, म्हणून चपडा फक्त गाठींवर लावायचा. संपूर्ण खुर्ची सागाची असेल तर बाहेरच्या लाकडासाठीचा पाण्याचा प्रायमर दोन हात द्या. सावंतवाडीच्या गंजिफांवर खडूच्या अस्तरावर चित्र काढून वरून लाखेचं कवच देतात आणि ते सुंदर टिकतं. पण गंजिफा घरात बसून खेळायच्या असतात. पावसात त्या लाखेची परीक्षा होत नाही.

रंग तयार डब्यातला घेतलात तर तो बाहेरच्या वापरासाठी आहे का हे लेबलवर बघा. घरी करायचा असेल तर भिंतीसाठीचा बाहेरचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन आधार म्हणून घ्या. त्यात बुरशीनाशक असतं आणि उन्हाला टिकणारा बाइंडर असतो. आतल्या भिंतीच्या इमल्शनवर भागवू नका. एक लिटर रंगाला 200 ते 250 ग्रॅम चॉक पावडर पुरते. घरातल्या वस्तूंसाठी लोक 300 ग्रॅमपर्यंत घालतात, पण पूड वाढली की बाइंडर तोकडा पडतो, म्हणून बाहेर हात आखडता ठेवावा.

पावडर हार्डवेअरच्या दुकानात लांबीसाठी मिळते तीच. शाळेच्या खडूंचा चुरा वापरू नका. आपल्याकडचे खडू बरेचदा जिप्समचे असतात. प्लास्टर ऑफ पॅरिस घालायच्या कृतीही फिरतात, पण ते प्लास्टरही पाणी मिळताच जिप्सम होतं. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, कॅल्शियम कार्बोनेट जवळजवळ नाही, आणि चार महिन्यांच्या पावसात एवढा फरक पुरेसा आहे. ओळखायचं कसं? चिमूटभर पूड बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. बारीक फेस उठून चुरचुरलं तर ती कार्बोनेट. गप्प बसली तर पुडी परत करा.

पावडर थेट रंगात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या प्रत्येक फटकाऱ्यात ब्रशला लागतात. आधी ती दीडशे मिलिलिटर पाण्यात कालवून श्रीखंडाइतकी दाट करा, मलमलच्या फडक्यातून गाळा, मग थोडी थोडी रंगात ओतत ढवळा. रंगछटा निवडताना ऊन लक्षात ठेवा. गेरू आणि पिवडी या दोन्ही मातीच्या छटांचा रंग लोहाच्या संयुगांतून येतो आणि त्या उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. भडक गुलाबी, जांभळ्या छटा मेच्या उन्हात लवकर फिकटतात. माझी आवड विचाराल तर गेरूत थोडा पांढरा मिसळून येणारा विटकरी रंग. कोपरे झिजले तरी तो वाईट दिसत नाही.

सकाळी सात ते दहा ही रंगाची वेळ. थेट उन्हात पाणी इतकं झटकन उडतं की बाइंडरचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थर कच्चा राहतो. जमिनीवर आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसेल. लूमच्या गल्लीत राहत असाल तर लूम बंद असतात तो दिवस निवडा, नाहीतर ओल्या रंगात रुईचे तंतू बसतात. दोन इंची मऊ ब्रश घ्या आणि सुरुवात उलट्या बाजूने करा: फळ्यांच्या खालची बाजू, पायांची आतली बाजू, मग वरचा दर्शनी भाग. खालची बाजू कोरी ठेवली तर ती पावसाळी हवा पिते, वरची पीत नाही, आणि फळी वाटीसारखी वाकते. पहिल्या हातात दहा टक्के पाणी जास्त घालून पातळ रंग लाकडात मुरवा. तो दिसायला उदास, चट्ट्यापट्ट्यांचा असतो, घाबरून लगेच दुसरा देऊ नका. तीन-चार तासांनी, शक्यतो दुसऱ्या दिवशी, 180च्या काचपेपरने उभे राहिलेले लाकडाचे केस हलकेच घासून काढा आणि दुसरा हात न पातळ करता, रेषेच्या दिशेने, मागे-पुढे न घोळवता द्या. दोघांच्या बाकाला दोन हातांना लिटरभर रंग पुरून थोडा उरतो.

वरून काय लावायचं यावर सर्वांत जास्त गोंधळ आहे. घरातल्या चॉक पेंटवर मेण लावतात आणि ते छान दिसतं. बाहेर मेण नको. या रंगाचे उत्पादकही बाहेरच्या वस्तूंना ते लावू नका असं सांगतात. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. मेच्या दुपारी उन्हातली गडद फळी हाताला चटका देण्याइतकी तापते, मऊ मेणात धूळ रुतते, आणि पावसात त्यावर बुरशीचे ठिपके येतात. शिवाय मेण बसलेल्या जागी पुढच्या वर्षी रंग पकडत नाही.

ओसरीत किंवा पत्र्याखाली, जिथे फक्त शिंतोडे येतात, तिथे वरून काही न लावता सोडून द्यावं असं माझं मत आहे. चहाचा कप ठेवायची फळी किंवा हाताची जागा तेवढी झाकावी. जिथे सरी तिरक्या येतात तिथे बाहेरच्या वापराचा, पाण्यात मिसळणारा मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पातळ करून दोन हात द्या. दाट एकच हात देऊ नका, तो दुधाळ दिसतो आणि वाफेची वाट बंद करतो. तेलाचा वॉर्निश पांढऱ्या आणि फिकट निळ्या रंगाला वर्षभरात पिवळं करतो, म्हणून तो टाळावा. पीयू द्यायच्या आधी रंगाला निदान दोन-तीन दिवस सुकू द्या.

लोखंडी खुर्ची किंवा झोपाळ्याची चौकट असेल तर गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइडचा हात आधी हवा. पाण्याचा रंग उघड्या लोखंडावर लावला तर लावतालावताच गंजाचे ठिपके वर येतात. वेताच्या खुर्चीला रंग दुप्पट पातळ करून विणीत घालवावा लागतो. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मी हा रंग सुचवत नाही. त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, त्या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही, आणि वाकणाऱ्या पाठीवर थर नखाने निघतो.

पावसाळ्यात बाक आत घेता आलं तर घ्या. नाहीतर विटांवर उचला आणि वर ताडपत्री टाका, पण चारही बाजूंनी गुंडाळून बांधू नका. प्लास्टिकच्या आत लाकूड घाम धरतं आणि बंद ओलीत बुरशी उघड्या पावसापेक्षा जास्त माजते. वरून छप्पर, बाजूंनी वारा, एवढं पुरे. ओली झालेली खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवू नका.

ऑक्टोबर संपता संपता, दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा, साबणाच्या पाण्याने पुसून दोन दिवस वारा द्या आणि थेंबाची परीक्षा पुन्हा करा. पायांचे तळ उलटून बघा; एपॉक्सीला चीर असेल तर तीच पहिली बुजवा. पीयू नसलेल्या जागी 180चा काचपेपर फिरवून एक पातळ हात, तोही फक्त झिजलेल्या ठिकाणी. पीयू असलेल्या फळीवर थर झिजला असेल तर घासून पीयूचाच एक हात. बाक लहान असेल तर हे सगळं एका सकाळी होतं.

उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून सावलीत ठेवा, पत्र्याच्या डब्यात नको, तिथे गंज धरतो. खडू तळाला बसतो, तेव्हा वापरण्याआधी काठीने तळापासून ढवळावं लागतं. घरी कालवलेल्या रंगाला काही महिन्यांनी आंबूस वास आला तर तो फेकून द्या. बरणीवर तारीख आणि पावडरचं प्रमाण लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या दिवाळीला नवा रंग करताना छटा आणि पोत जुळवता येईल.